भीड भिकेची बहीण

डिसेंबर २०१७ मध्ये खेड तालुक्यातल्या आमच्या घरामागे पाया खणायला सुरुवात झाली, तेव्हा अम्मीने एवढेच विचारले, "रमजानला मी घरातच असेन ना?" तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. संडास परसात, सात पायऱ्या खाली. म्हणून घराला लागून एक खोली, आतच संडास-न्हाणी आणि वर स्लॅब, असे पाच लाखांचे काम आम्ही काढले. तोवर तिची सोय शेजाऱ्यांकडे केली.

ठेकेदार आमचाच विद्यार्थी. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेलो. कागद करण्याचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "सर, बाई, तुमच्याशी कसला हिशेब?" पुढे आमची जीभ रेटली नाही. तीस वर्षे मुलांना 'वहीत लिहा' म्हणून ओरडणाऱ्या आम्ही एवढे काम तोंडी देऊन टाकले.

चिरे आले, जोते भरले. शिमग्याला गवंडी गावी गेले ते पाडव्यानंतर उगवले. मग वाळू नाही, मग सेंट्रिंगच्या फळ्या दुसरीकडे अडकल्या. "सर, पुढच्या जुम्म्यापर्यंत स्लॅब पडला समजा." जुम्मे आले आणि गेले. फोन आधी तो उचलायचा, मग त्याची बायको, मग फोन बंदच लागू लागला. आम्ही मात्र दर महिन्याच्या एक तारखेला हप्ता पोहोचवत होतो. काम किती झाले हे न पाहता. एप्रिलअखेर साडेतीन लाख गेले आणि भिंती लिंटेलपर्यंतच आल्या होत्या. मध्ये खिडकीची जागा आम्ही दोनदा बदलली, हेही कबूल केले पाहिजे.

मेच्या मध्यावर रमजान सुरू झाला. अम्मी शेजारीच होती. माणसे चांगली, पण रात्री कुणाला उठवावे लागू नये म्हणून ती इफ्तारनंतरही घोटभरच पाणी पिते, हे आमच्या लक्षात आले आणि आमचा संयम संपला.

ओळखीच्या वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, 'रेरा' बिल्डरसाठी; स्वतःच्या जागेवर घर बांधून देणाऱ्या ठेकेदाराला तो लागत नाही. ग्राहक मंचात जाता येईल. (तेव्हा १९८६चा कायदा होता, आता २०१९चा आहे; घरबांधणी ही दोन्हींत 'सेवा'च.) पण मुदत काय ठरली होती, पैसे कशाचे दिले, याचा कागद दाखवा. आमच्याकडे काय होते? जुम्म्याचे वायदे.

कुणी सांगितले कोण जाणे, दुसऱ्याच दिवशी तो धावत आला. "चार दिवसांत स्लॅब टाकतो." ओळखीच्या इंजिनिअरने येऊन पाहिले. सळ्या अर्धवट बांधलेल्या, आधार कच्चे, पाऊस तोंडावर. तो म्हणाला, "उशीर परवडेल, असला स्लॅब परवडणार नाही." आम्हीच काम थांबवले.

त्या रात्री तरावीहनंतर त्याच्या घरी गेलो. या वेळी 'कधी?' असे विचारले नाही. विचारले, "आमचे पैसे कुठे आहेत?" बराच वेळ तो गप्प होता. मग बोलला. दुसऱ्या एका घराच्या मालकाने आखातातून पैसे धाडले नव्हते. मजूर अडून बसले होते. आमच्या पैशांतून त्याचा स्लॅब पडला. "तो रोज शिव्या द्यायचा, सर. तुम्ही काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं."

भीड भिकेची बहीण, ही म्हण आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिली असेल. आणि सूरह बकराची २८२वी आयत, कुराणातली सर्वांत लांब, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या असे सांगणारी, ती तर दर रमजानला आम्ही पढतो. पढत होतो, एवढेच.

तिथेच त्याच्या मुलीची वही मागून घेतली. आधी संडास-न्हाणी, वर तात्पुरते पत्रे, स्लॅब पावसाळ्यानंतर. माल आम्ही दुकानातून थेट घ्यायचा, गवंड्यांची मजुरी दर शनिवारी आमच्या हाताने द्यायची, दोन्ही त्याच्या रकमेतून वजा. पुढचा टप्पा पुरा झाल्याखेरीज पैसा नाही. शेवटचे पन्नास हजार एक पावसाळा पाहून. दोन शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. खिडकी आता बदलणार नाही, हेही त्याने लिहून घेतले. बरोबरच होते.

१६ जूनची ईद अम्मीने शेजारीच केली, धो धो पावसात. बकरी ईदला, २२ ऑगस्टला, ती पत्र्याखाली का होईना, आपल्या घरात होती. पहिल्याच रात्री तिने तांब्याभर पाणी उशाशी मागून घेतले. स्लॅब नोव्हेंबरात पडला. सगळे मिळून चाळीस हजार जास्त गेले. ती आमच्या भिडेची किंमत.

२०१९चा पाऊस संपल्यावर छत पाहिले. कुठे ओल नव्हती. पन्नास हजार मोजून दिले आणि वही पुढे केली. त्याने सावकाश सही केली, वही आमच्याकडे वळवली आणि विचारले, "बाई, अक्षर बरं आलंय ना?"