हिरव्या पानाचा पांढरा फोटो



‘अवरक्त किरण’ हा शब्द मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. किरण दिसतच नाहीत, मग लक्षात तरी कसे राहणार? मला फोटोग्राफीचा छंद आहे. म्हणून मी कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसणारा अवरक्त फिल्टर घेतला आणि त्यातून एक छान पाठ हाती लागला.

हा फिल्टर म्हणजे जवळजवळ काळी काच. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. माझा फिल्टर ७२० च्या पुढचेच किरण आत सोडतो. डिजिटल कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी एक काच आधीच असते, त्यामुळे फारच थोडा प्रकाश पोचतो. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, फोकस आधी करून घ्यायचा, मग फिल्टर लावून काही सेकंद शटर उघडं ठेवायचं. वारा नसलेलं स्वच्छ ऊन सगळ्यात चांगलं. आणि हो, फिल्टरमधून सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, हे मुलांना आधीच बजावा.

पऱ्हाटीच्या शेताचा फोटो कृष्णधवल करून दाखवला तर एक पोरगा म्हणाला, “सर, वावरात बर्फ पडल्यावानी दिसून राह्यलं!” पानं पांढरी, आकाश काळपट.

असं का होतं? हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं. अवरक्त किरण मात्र पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवरून परत फिरतात. असे फोटो अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून याला ‘वुड परिणाम’ म्हणतात. लाकडाचा इथे काही संबंध नाही! मुलांचा आणखी एक गैरसमज होतो, तो म्हणजे या फोटोत अंगातली उष्णता दिसते. तसं नाही. ही सूर्याचीच परत फिरलेली किरणं आहेत.

आता खरा मुद्दा. १७ मार्च १९८८ ला सोडलेल्या आपल्या आयआरएस-१ए उपग्रहावरच्या कॅमेऱ्यातही अवरक्त पट्टा होता. निरोगी पीक अवरक्त किरण जास्त आणि लाल प्रकाश कमी परत पाठवतं. पीक सुकलं की दोन्हींतला फरक कमी होतो. या फरकावरून वनस्पती निर्देशांक काढतात. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा यांच्याबरोबर हा निर्देशांकही बघितला जातो.

म्हणजे तालुक्यात दुष्काळ जाहीर होणार की नाही, या प्रश्नाशी त्या न दिसणाऱ्या किरणांचा संबंध आहे. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरची वर्षभराची गणितं त्या उत्तरावर असतात. उद्या हीच मुलं आपल्या गावाचा नकाशा उघडून “आमच्या शिवाराचा आकडा किती?” असं विचारू शकली, तर विज्ञान शिकवल्याचं सार्थक झालं.

फिल्टर नसला तरी अडत नाही. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाईलमध्ये रिमोटचा दिवा चमकताना दिसतो. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. इथून पाठ सुरू करा, आणि मुलांनी काय काय विचारलं ते वहीत लिहून ठेवा.