‘शिफू’ या संबोधनातील बाप

चिनी भाषेत ज्याच्या पायाशी बसून विद्या घ्यायची त्याला ‘शिफू’ म्हणतात. या जोडशब्दातील पहिले अक्षर गुरूचे आणि दुसरे बापाचे. उच्चार तोच ठेवून दुसरे अक्षर बदलले की हा शब्द आचाऱ्याला, सुताराला किंवा टॅक्सीवाल्याला हाक मारण्याइतका सैल होतो. परंतु गुरुगृही राहणारा शिष्य जेव्हा तो उच्चारतो तेव्हा त्यात बाप लिहिलेला असतो. गुरू स्त्री असली तरी शब्द हाच. एक दिवस जो गुरू झाला तो जन्माचा बाप झाला, अशा आशयाची एक म्हण चिनी माणसाच्या तोंडी असते, आणि आकाश, पृथ्वी, राजा, मातापिता व गुरू ही पाच पूज्यस्थाने एकाच फलकावर लिहून घरात त्यांची पूजा करण्याची प्रथाही तेथे होती. तेव्हा गुरू-शिष्येच्या प्रणयाची कथा चिनी प्रेक्षकासमोर येते तेव्हा तिचा निषेध तिच्या पहिल्याच संबोधनात नोंदवलेला असतो. नायिका नायकाला हाक मारते आणि त्या हाकेतच त्याला नाकारते. आपल्या भाषांत ‘गुरुजी’, ‘सर’ या शब्दांमध्ये आदर आहे, अंतर आहे, पण रक्ताचे नाते नाही. म्हणून या मालिका इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे पाहणाऱ्या आपल्याकडील प्रेक्षकाच्या पदरात त्यांतील अर्धा ताण पडतच नाही. ‘मास्टर’ या शब्दात बाप कुठून यायचा?

या मालिकांचा परिचय मला माझ्या विद्यार्थिनींनी करून दिला. ‘श्येनश्या’ या नावाने ओळखला जाणारा हा अद्भुतकथेचा प्रकार. ताओवादी साधनेने अमरत्व मिळवू पाहणारे पंथ, पर्वतशिखरांवरचे आश्रम, उडत्या तलवारी, तीन-तीन जन्मांचे हिशेब. 2015 साली हूनान दूरचित्रवाणीवर आलेली ‘ह्वा छ्येनकू’ ही या प्रकारातील गुरू-शिष्येच्या प्रणयाची सर्वांत गाजलेली मालिका. एक अनाथ किशोरी पंथप्रमुख बाय त्झह्वा याची एकमेव शिष्या होते. ही मुलगी आपल्यासाठी जीवन-मरणाचे अरिष्ट ठरणार हे त्याला ठाऊक आहे. ती त्याच्यावर प्रेम करते, त्याच्या शरीरातील विष उतरावे म्हणून दैवी अस्त्रे चोरते, आणि तिचा गुन्हा उघड झाल्यावर तिला एक्क्याऐंशी खिळे ठोकण्याची शिक्षा होते. सतरा तिच्या अंगात ठोकले जातात, उरलेले चौसष्ट पुढे तो स्वतः सोसतो. परंतु त्याआधी तो स्वतःच्या हाताने तिच्यावर तलवारीचे एकशे एक वार करतो. येथवर आलेला प्रेक्षक दुभंगतो. एका गटाच्या दृष्टीने तो जगाचा भार वाहणारा शोकात्म नायक, तर दुसऱ्या गटाच्या दृष्टीने निव्वळ भित्रा. मालिका संपून इतकी वर्षे झाली तरी हा वाद मिटलेला नाही, आणि वसतिगृहातील माझ्या मुलींमध्येही तो तितक्याच त्वेषाने चालतो.

मला या वादाचे कुतूहल वाटले ते त्यातील एका वगळणुकीमुळे. बाय त्झह्वाने प्रेम करावे की नाही, हा प्रश्न दोन्ही गटांत कोणी विचारीत नाही. त्याने ते कबूल का केले नाही, एवढाच प्रश्न आहे. निषेध ज्याच्या नावातच कोरलेला आहे अशा नात्याविषयी प्रेक्षकांना औचित्याचा प्रश्नच पडू नये, हे कसे घडते?

संस्कृत काव्यशास्त्राला हा प्रश्न परका नाही. रसभंगाचे एकच कारण अनौचित्य, हे आनंदवर्धनाचे मत आपण पदव्युत्तर वर्गात पाठ करून घेतो. विश्वनाथाने गुरुपत्नीविषयक रतीला रसाभासात टाकले. मम्मटाने तर उत्तम देवतांच्या संभोगशृंगाराचे वर्णन आपल्याच आईबापांच्या शृंगाराच्या वर्णनाइतके अनुचित ठरवले. येथेही बाप आहेच. परंतु याच ठिकाणी आनंदवर्धनाने एक पळवाट ठेवलेली आहे, आणि ती मला त्याच्या नियमाहून अधिक मोलाची वाटते. कुमारसंभवातील पार्वतीचा शृंगार अनुचित असूनही तसा भासत नाही, कारण कवीची शक्ती ते अनौचित्य झाकून टाकते, असे तो म्हणतो. झाकते, नाहीसे करीत नाही. प्रश्न असा की लोकप्रिय मालिकेत, जिथे कालिदास नाही, तिथे हे झाकण्याचे काम कोण करते?

माझे उत्तर असे की ते काम दंड करतो. चिनी प्रेक्षकांच्या बोलीत यासाठी नेमके शब्द आहेत. प्रणयाच्या सुखद प्रसंगाला ते ‘साखर’ म्हणतात, काळीज चिरणाऱ्या प्रसंगाला ‘सुरी’. आणि छळातून जाणाऱ्या प्रेमकथेचा एक स्वतंत्र प्रकारच त्यांनी मानला आहे. गुरू-शिष्येच्या कथेत साखर चिमूटभर आणि सुऱ्या ढीगभर. खिळे, तलवारीचे वार, हद्दपारी, विद्रूप झालेला चेहरा ही सर्व शिक्षा प्रेक्षक आगाऊ भरून घेतो आणि तिच्या मोबदल्यात निषिद्ध प्रेम पाहण्याची परवानगी मिळवतो. प्रायश्चित्त आधी, पाप नंतर. पुष्कळदा तर पाप घडतच नाही. दोघांचा हातही हातात येण्याआधी कथेने दोघांना शंभरदा मारलेले असते. अनौचित्य येथे अश्रूंच्या पडद्यामागे जाते. रडणाऱ्या माणसाला औचित्य विचारण्याची सवड नसते.

या मालिकेतील प्रेमाच्या कबुलीचा प्रसंग असाच आहे. प्रेमभावना असणाऱ्याच्या त्वचेवर ज्या कुंडातील पाणी डाग पाडते, त्या पाण्याचा व्रण बाय त्झह्वाच्या दंडावर आहे. शिष्येला तो दिसतो. तेव्हा तो काय करतो? व्रणासकट दंडाचे मांस कापून टाकतो. वोल्फगांग इझरने वाचकासाठी संहितेत सोडलेल्या ज्या रिकाम्या जागांचा विचार केला, त्यांचे इतके शब्दशः उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. कबुली होती, ती कापली गेली, आणि त्या जखमेच्या जागी प्रेक्षक आपापला अर्थ भरतो. इझरचा वाचक मात्र एकटा आहे. चीनमध्ये या मालिका संगणकावर पाहणाऱ्यापुढे इतर प्रेक्षकांच्या ओळी चित्रावरूनच सरकत जातात. पात्राने मौन पाळले की त्या मौनात काय आहे हे शेकडो जणांनी आधीच सांगितलेले असते. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थनिर्णय करणारा समाज म्हणतो तो येथे अक्षरशः पडद्यावरून चालत जातो.

आता एक वैयक्तिक गोष्ट. सत्तरच्या दशकात मी ज्या विद्यापीठात शिकत होते तेथील आमच्या विभागात एक प्राध्यापक होते. विद्वान, अबोल, कोणाही विद्यार्थिनीने ज्यांच्याविषयी स्वप्न पाहावे असे. माझी एक मैत्रीण त्यांच्याकडे संशोधन करीत होती. त्या दोघांत काहीतरी आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि आम्ही त्याला प्रेम म्हणत होतो. काव्यशास्त्राची मुले, दुसरा शब्द आमच्याजवळ नव्हता. दोन वर्षांनी प्रबंध अर्धवट टाकून ती गावी गेली. प्राध्यापकमहाशय पुढे विभागप्रमुख झाले. तिने मला एकदाच त्याबद्दल लिहिले, आणि त्या पत्रातही त्यांचा उल्लेख ‘सर’ असाच होता.

‘ह्वा छ्येनकू’ पाहताना मला हे आठवणे अपरिहार्य होते. माझी एक विद्यार्थिनी, जी स्वतः या मालिकेची निस्सीम चाहती आहे, मला म्हणाली, “मॅडम, मोजून बघा, मार कोणाला जास्त बसतो.” मी मोजले. चौसष्ट खिळे गुरूला बसले, हे खरे. पण हद्दपार झाली ती, चेहरा गेला तिचा, एकशे एक वार तिच्यावर. प्रायश्चित्ताचा जो सिद्धांत मी मांडला त्यात ही मेख आहे. प्रेक्षकाची परवानगी ज्या दंडाने विकत घेतली जाते तो दंड मुख्यतः शिष्या भरते. आणि तरीही याच मुली सतरा खिळ्यांच्या भागाला पुन्हा पुन्हा परत जातात. त्यांना छळाचे आकर्षण आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्या तिथे साक्षीदार म्हणून जातात असे मला वाटते. माझ्या मैत्रिणीच्या वेळी जे कोणी पाहिले नाही ते येथे सर्वांसमक्ष, पूर्ण संगीतासह, खिळा न खिळा मोजून दाखवले जाते.

सर्वच कथांचा तोल असा नसतो. या परंपरेचा मूळपुरुष म्हणावा असा जिन योंग; त्याची यांग ग्वो व श्याओलोंगन्यू यांची कथा 1959 ते 1961 या काळात हाँगकाँगच्या ‘मिंग पाओ’ या दैनिकात क्रमशः आली आणि पुढे तिची अनेक दूरचित्रवाणी रूपांतरे झाली. ती अद्भुतकथा नव्हे, शस्त्रवीरांची कथा. त्यात गुरू स्त्री आहे आणि शिष्य मुलगा. तो तिला ‘शिफू’ न म्हणता ‘कूकू’ म्हणतो, म्हणजे आत्या. मराठी वाचकाला येथे हसू आवरणार नाही, परंतु चिनी नातेव्यवस्थेत ही हाकही पितृकुळाचीच आहे. सोंगकालीन समाज या दोघांविरुद्ध उभा राहतो, प्रत्यक्ष पितृतुल्य ग्वो जिंग मुलावर हात उगारतो, आणि वाचकाची सहानुभूती निःशंकपणे प्रेमिकांकडे जाते, कारण दंडशक्ती येथे समाजाच्या हाती आहे, गुरूच्या नव्हे. 2015 च्या मालिकेत गुरूच पंथप्रमुख, गुरूच न्यायासनाचा भाग, गुरूच्याच हाती तलवार. स्त्री-गुरू जाऊन पुरुष-गुरू आला एवढाच हा बदल नाही. प्रेमिक आणि दंडाधिकारी एकाच देहात आले.

2017 च्या ‘तीन जन्म, तीन जगे, दहा मैल पीचबहर’ या मालिकेने मात्र एक विलक्षण युक्ती केली. बाय छ्येन ही पुरुषवेषात युद्धदेव मो युआनची शिष्या असते. तो युद्धात पडल्यावर ती आपल्या हृदयाच्या रक्तावर त्याचा देह सत्तर हजार वर्षे जपते, आणि मग तिचे प्रेम बसते ये ह्वा या राजपुत्रावर, ज्याचा चेहरा हुबेहूब गुरूचा आहे. दोन्ही भूमिका एकाच नटाने, मार्क चाओने, केल्या आहेत. गुरूचा चेहरा हवा, गुरू नको. निषेधाला बगल देण्याचा याहून चतुर मार्ग सुचवणे कठीण. (प्रियकर नायिकेहून नव्वद हजार वर्षांनी लहान असल्याची थट्टाही मालिकेत आहे. दोघे दिसतात समवयस्कच; वय हा सत्तेचा सर्वांत उघड पुरावा या कथाप्रकारात असा पुसला जातो.) बाय छ्येन वारंवार सांगते की मो युआन आपल्याला पित्यासारखा. प्रेक्षकांतील एक मोठा वर्ग तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. सत्तर हजार वर्षे रक्त देणारी मुलगी केवळ शिष्या असू शकते हे त्यांना खरे वाटत नाही. मला या अविश्वासाची चिंता वाटते. गुरूवरच्या निष्ठेला प्रणयाखेरीज दुसरे नावच न उरणे ही भावविश्वाची श्रीमंती नव्हे. विद्यार्थिनीने एखाद्या शिक्षकावर जीव टाकावा, त्याच्या व्याख्यानासाठी रात्र जागून काढावी, आणि त्यात ‘तसे’ काही नसावे, याची शक्यता कथेत आणि वर्गात शिल्लक राहिली पाहिजे.

आपल्या कच-देवयानीच्या आख्यानात ती शक्यता आहे. शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर आलेला कच देवयानीला बहीण ठरवतो. गुरूचे बापपण तेथे शब्दात नाही, उदरात आहे. खाडिलकरांनी ‘विद्याहरणा’त आणि खांडेकरांनी ‘ययाति’त या नकाराला पुन्हा हात घातला, आणि मराठी वाचकाने देवयानीचा संताप समजून घेतला तरी कचाच्या नकाराला अमानुष मानले नाही. बाय त्झह्वाच्या नकाराला मात्र प्रेक्षक अमानुष मानतो. कचाने नकार देताना देवयानीला शिक्षा केली नव्हती, हे कारण असावे; शाप त्यांनी परस्परांना दिले.

वास्तव चीनमध्ये हा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. लू शुन आणि त्यांची विद्यार्थिनी शू ग्वांगपिंग यांचा पत्रव्यवहार 1933 मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि त्यात तिचा आवाज त्याच्याइतकाच ठाम आहे. चळवळीतली मुलगी शिक्षकाला प्रश्न विचारते, टोकते, थट्टा करते. दुसरीकडे 2014 साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने विद्यापीठीय शिक्षकांसाठी जी निषिद्धे जाहीर केली त्यांत विद्यार्थ्यांशी अनुचित संबंध हेही होते. ‘ह्वा छ्येनकू’ आली ती पुढच्याच वर्षी. 2018 च्या जानेवारीत पेइचिंगमधील एका विद्यापीठाच्या माजी संशोधक विद्यार्थिनीने तेथील एका प्राध्यापकाविरुद्ध उघडपणे लिहिले आणि त्याला पदावरून दूर व्हावे लागले. खिळ्यांच्या प्रसंगाला रडणाऱ्या आणि हे निवेदन वाचणाऱ्या मुली वेगवेगळ्या होत्या असे समजण्याचे काही कारण नाही.

मालिकेचा शेवट मी दोनदा पाहिला. शिष्या आता विनाशशक्ती धारण केलेली, गुरूहून बलवान. ती त्याच्याच हातून मरण घेते आणि त्याला शाप देते की तू कधी म्हातारा होऊ नयेस, कधी मरू नयेस. मला ही मालिकेतील एकमेव बरोबरीची भेट वाटते. प्रथमच दंड तिच्या मुखातून येतो. प्रेक्षकांना मात्र हा शेवट सोसत नाही, आणि निर्मात्यांनाही सोसला नसावा. ती पुन्हा जिवंत होते. पण स्मृती हरवून. खिळे आठवत नाहीत, वार आठवत नाहीत, शापही नाही. माझ्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींना हा सुखान्त वाटतो. एकीला वाटत नाही. तिचे म्हणणे असे की आता त्याच्याजवळ जी मुलगी आहे ती पहिल्या भागातली आहे.