पीडीएफ आली, माणूस कधी येणार?

विद्यापीठात नवीन सॉफ्टवेअर आलं की आपल्याकडच्या कॉलेजांना काय मिळतं? एक परिपत्रक, एक इंग्रजी पीडीएफ आणि ऑनलाइन मीटिंगची लिंक. मीटिंगमध्ये ढीगभर कॉलेजं, सगळ्यांचे माइक बंद. शेवटी ‘काही शंका?’ असं विचारून मीटिंग बंद. झालं प्रशिक्षण!

२०१७ चं मुंबई विद्यापीठ आठवतंय ना? उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी कॉम्प्युटरवर तपासायच्या, असं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. पण उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख आणि सगळी घाई ऐन परीक्षेच्या हंगामात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली, पोरांचे पुढचे प्रवेश लटकले, ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. शिव्या सर्व्हरला बसल्या, कंपनीला बसल्या. तपासणाऱ्याच्या शेजारी बसून शिकवणारे किती जण होते, हे फार कुणी विचारलं नाही.

आता आपल्या तालुक्यात या. एका कॉलेजची गोष्ट, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं परीक्षेचं काम एकट्या ताई बघतात, दुसरं पद रिकामं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा अंकी आयडी प्रत्येक पोरानं काढायचा. पोरगी काउंटरवर उभी, आधारला जोडलेला मोबाइल बापाकडे आणि बाप ऊसतोडीला. ओटीपी तिकडे जातो. बँकेनं बजावलंय ओटीपी कुणाला सांगू नका, म्हणून तो लेकीलाही सांगायला कचरतो! त्यात मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. नाव जुळत नाही. पीडीएफमध्ये यातलं एक अक्षर नाही.

गेल्या वर्षी एक तरुण दोन दिवस या कॉलेजात येऊन बसला. पहिला दिवसभर त्यानं काही शिकवलं नाही, नुसतं बघितलं. ताई प्रत्येक फॉर्म आधी वहीत उतरवायच्या, मग कॉम्प्युटरवर भरायच्या. त्याला वाटलं, जुनी सवय. विचारल्यावर कळलं, दुपारी लाइट जाते आणि अर्धा भरलेला फॉर्म पुसला जातो. त्यानं तिथूनच फोन लावला. थोड्याच दिवसांत अर्धवट फॉर्म जतन करायची सोय आली. हेल्पलाइनला हे कधीच कळलं नसतं, कारण ताईंनी तक्रारच केली नव्हती. त्यांना वाटायचं, कॉम्प्युटर असाच असतो.

खर्च येतो, मान्य. प्रत्येक कॉलेजला माणूस पाठवणं जमणार नाही. पण तालुक्यातल्या एका कॉलेजात चार दिवस माणूस बसवा, बाकीचे लिपिक तिथं आपापले अडलेले फॉर्म घेऊन येतील. टेंडरमध्येच हे दिवस लिहून घ्या, आणि ते प्रवेशाच्या नि परीक्षा फॉर्मच्या गर्दीत ठेवा. उद्घाटनाच्या आठवड्यात नकोत, तेव्हा सगळं चालतंच.

आपल्या भागातले सिनेट सदस्य ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: नव्या प्रणालीच्या करारात प्रत्यक्ष कॉलेजात येऊन बसायचे दिवस किती आहेत? जो आकडा मिळेल तो मला कळवा, मी इथंच छापतो.