नुसत्या नकलेवर उभा राहिलेला प्रयोग

कागल

चि. सोनी हिस,


दादाच्या एकपात्री प्रयोगाचं चित्रीकरण बघून तू फोनवर दोनच गोष्टी विचारल्यास. अण्णा खरोखर टीव्हीत काम करायचे का? आणि करत होते, तर आपल्या घरात कुणी कधी बोललं कसं नाही? फोनवर उरकण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते, दादाचे आजोबा. कागलातून ते मुंबईला गेले ते गिरणीत कामाला. लालबाग-परळात तेव्हा आपल्या जिल्ह्यातली माणसं खच्चून भरलेली. राहायला गावकीची खोली, जेवायला खानावळ आणि पाळी सुटली की तालीम. कामगार रंगभूमी ही त्या वस्तीची जिवंत गोष्ट होती. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धा असत, गणपतीत नाटकं होत. गंभीर नाटकातसुद्धा नोकराचं, हवालदाराचं, दारूड्याचं काम अण्णांकडे यायचं आणि ते आले की लोक हसायचे. तिथूनच कुणीतरी त्यांना वरळीच्या दूरदर्शन केंद्रात नेलं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. 1977 च्या सुमाराला चिं. वि. जोशींच्या कथांवरची चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. घरातल्या साध्या माणसांच्या फजितीवर आठवड्याच्या आठवड्याला हसता येतं, हे मराठी प्रेक्षकाला टीव्हीवर पहिल्यांदा तिने दाखवलं. अण्णा त्या मालिकेत नव्हते. गावात अजून काही जण छातीठोक सांगतात की गुंड्याभाऊबरोबर आमचे अण्णा होते. दादाने ते प्रयोगात येऊ दिलं नाही आणि ते मला फार आवडलं. अण्णांना दुसऱ्याच्या नावाची ऊब कशाला? त्यांची कामं वेगळी होती, एकेका भागापुरती होती. पोस्टमन, घरमालक, मुलगी बघायला आलेल्यांतला मामा, चुकीच्या दारावर टकटक करणारा पाहुणा. दार उघडायचं, चार वाक्यं बोलायची, हशा घ्यायचा, निघून जायचं. पुढे 1984 ला ‘ये जो है जिंदगी’ आली आणि सतीश शहा दर भागात नवा माणूस होऊन यायला लागले, तेव्हा अण्णा टीव्हीसमोरून हलायचे नाहीत. त्या एका नटाकडे ते विद्यार्थ्यासारखे बघायचे.

आता तुझा दुसरा प्रश्न. घरात कुणी बोललं नाही, कारण घरातल्या कुणी ते बघितलंच नव्हतं. त्या वर्षांत मुंबई केंद्राचं चित्र मुंबईच्या आसपास आणि पुण्याकडे दिसायचं. कागलात टीव्ही नव्हता, असता तरी त्यावर काही आलं नसतं. देशभर छोटे प्रक्षेपक उभे राहिले ते 1984 च्या आगेमागे, आणि तोवर अण्णांचं काम थांबलं होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. तो कधी मिटलाच नाही. अण्णा ट्रंक घेऊन गावी आले, कारखान्याच्या हंगामात काम धरलं, उरलेला वेळ रानात. ज्या माणसाला मुंबईत बसमध्ये लोक ओळखायचे, तो आपल्या गल्लीत “संपातनं परत आलेला” एवढाच राहिला. “मुंबईत सोंगं काढत होता म्हणं,” असं पारावर बोलायचे, आणि त्यातलं ‘सोंगं’ टोचायला असायचं. हे आनंद यादवांचं गाव. ‘नटरंग’मधला गुणा कागलकर नाच्या झाला म्हणून गावानं त्याला कसं वागवलं ते त्यांनी लिहून ठेवलंय. 2010 ला त्या कादंबरीवरचा सिनेमा आला, तेव्हा इथली माणसं डोळे पुसत थेटरातून बाहेर पडली. आपल्या गल्लीतल्या नटाची मात्र कुणाला आठवण झाली नाही. याचा मला अजून राग येतो.

अण्णा गेल्यावर दादाने त्यांच्या कामाचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. त्या काळी टेप महाग होती, दूरदर्शनवर जुन्या टेपवरच नवा कार्यक्रम मुद्रित करायचे. कितीतरी नामवंतांचं काम असं पुसलं गेलं, तिथे चार वाक्यांच्या पोस्टमनला कोण जपणार?

मग ट्रंकेत वह्या सापडल्या. पूर्वी नटाला सगळं नाटक लिहून देत नसत. त्याला मिळायची ती नक्कल, म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, क्यू म्हणून. कामगार रंगभूमीवरची ही सवय अण्णांनी टीव्हीतही सोडली नव्हती. प्रत्येक भागाची नक्कल त्यांनी वहीत उतरवली होती, समासात खुणांसह: “इथे थांब”, “टोपी काढू नको”, “हसू येईल, आपण हसायचं नाही.”

प्रयोग उभा आहे तो एवढ्यावर. तुला वाटलं ना, की दादा अर्धंच का बोलतो, समोरचा काय म्हणाला ते का सांगत नाही? कारण ते आपल्याकडे नाही. गाळलेलं आपल्या कल्पनेने भरावं असं मी त्याला सुचवलं होतं, पण तो म्हणाला, “आत्या, जे पुसलं गेलंय ते पुसलेलंच दिसू दे.” एकपात्री म्हटलं की आपल्याला पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ आठवते, लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवतं. तिथे एक माणूस पन्नासेक पात्रांनी रंगमंच भरून टाकतो. दादाने उलटी वाट धरली. तो एकच पात्र करतो आणि बाकीच्यांच्या जागा रिकाम्या ठेवतो. सुरुवातीला लोक गोंधळतात, मग त्या रिकाम्या जागांवरच हसायला लागतात, आणि ते हसू अण्णांनी मिळवलेलं असतं. मराठीत मी बरेच एकपात्री बघितलेत, पण इतकं धीट काही बघितलेलं नाही.

आणि पडद्यामागून क्यू देणारा तो अडखळता बायकी आवाज काकूचा आहे, अण्णांच्या बायकोचा. अण्णा सुट्टीला यायचे तेव्हा चुलीपाशी बसून ती त्यांना क्यू द्यायची, जेमतेम अक्षरं लावता येत असताना. दादाने त्याच वह्या पुन्हा तिच्या हातात दिल्या आणि आवाज मुद्रित केला. नवऱ्याचं काम तिने कधीच बघितलं नाही, पण त्यातला प्रत्येक क्यू तिला पाठ होता.

पहिला प्रयोग कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात व्हावा अशी दादाची फार इच्छा होती. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं ते थेटर. पण 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. म्हणून प्रयोग इथेच शाळेच्या हॉलात झाला, आणि माझ्या मते तेच योग्य झालं. अण्णांचं काम सगळ्यात आधी कागलनं बघायला हवं होतं.

आता तुझ्याकडे एक काम आहे. तिकडे लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे. तिथल्या जुन्या मंडळींना भेट. मुंबईत ज्यांच्याकडे तेव्हा नवा व्हिडिओ रेकॉर्डर आला होता, अशांनी परदेशातल्या नातेवाइकांसाठी टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर घेऊन पाठवले असतील. 1982 च्या आधीची मुंबई दूरदर्शनची एखादी कॅसेट कुणाच्या माळ्यावर असेल तर विचार. बुरशी लागलेली असली, चालत नसली, तरी टाकू नका म्हणावं. अण्णांचा फोटो सोबत पाठवते. उंच, डाव्या भुवईवर व्रण, आणि सगळे हसत असताना हा एकटा गंभीर दिसेल.

तुझी,
आत्या