दिवे लागले की बंद पडणारा व्हिडिओ गेम

सातपुड्यातल्या काठी गावात अंधार पडला की व्होल्टेज उतरतं. पाड्यापाड्यांवर बल्ब, पंखे, टीव्ही एकदमच सुरू होतात आणि तारेच्या शेवटी असलेल्या घरांत बल्बची तार नुसती तांबूस दिसते. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूला राहायला आलेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. मी इथे शिक्षक म्हणून आलो तेव्हा मलाही कळली. पण त्यावरून एका जुन्या यंत्राचा आजार ओळखता येईल, असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

होळी जवळ आली होती. काठीची राजवाडी होळी म्हणजे सातपुड्यातला मोठा सण. रात्रभर ढोल वाजतो, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं आणि दुधीभोपळे बांधलेले गडी नाचतात आणि पहाटे होळी पेटते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं या दिवसांत घरी परततात. शेजारच्या पाड्यावरच्या एका तरुणाचा थोरला भाऊही परतणार होता, म्हणून तो पिशवीत व्हिडिओ गेम घेऊन माझ्याकडे आला. वडिलांनी सुरतेहून आणलेला. दोघं भाऊ लहानपणी त्यावर खेळत.

‘‘सर, दिवसा लागतो. दिवे लागले की बंद पडतो. आणि लागला तरी चित्रं चुरगळतात. बाजारात दाखवला, तर चिप गेली म्हणाले.’’

कॉलेजात असताना धुळ्यात एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी संध्याकाळी काम करायचो. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली: चिपवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्यातून या गेमची चिप म्हणजे बोर्डवर ओतलेला काळा गोळा. तो बदलता येतच नाही. मग आधी त्याच्यावर बोट ठेवण्यात काय अर्थ? दिवसा चालणारी चिप रात्री मरत नाही.

हे यंत्र मुळात जपानचं. मासायुकी उएमुरा यांच्या चमूनं घडवलेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम 15 जुलै 1983 रोजी तिथे विक्रीला आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. मीडिया, लिटल मास्टर ही नावं त्या पिढीला पाठ आहेत. नकला म्हणून त्यांना नाक मुरडणारे लोक मला भेटले आहेत, पण मला ते पटत नाही. मूळ यंत्रात प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप वेगवेगळ्या होत्या. नक्कल करणाऱ्यांनी त्या एका तुकड्यात बसवल्या आणि आपल्या टीव्हीसाठी रंगांचं गणितही जुळवलं. झाकण उघडलं की बोर्डवर 26.6017 असा आकडा छापलेली क्रिस्टलची चपटी डबी दिसते. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीला रंगासाठी 4.43 मेगाहर्ट्झची लहर लागते. हा आकडा तिची बरोबर सहापट. त्याचाच पंधरावा भाग प्रोसेसरला मिळतो, म्हणजे सेकंदाला पावणेअठरा लाखांच्या आसपास ठोके. एका डबीवर रंगही चालतो आणि खेळही. असं काही उघडं पाहायला मिळालं की शाळेतल्या मुलांना बोलावून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी चुरगळलेली चित्रं घेतली. सुपर मारिओ लावला. संगीत व्यवस्थित, बटण दाबलं की उडी मारल्याचा आवाजही येतो, पण पडद्यावर मारिओच्या जागी विटांचे आणि अक्षरांचे तुकडे. हे लक्षण फार बोलकं आहे. कॅसेटमध्ये दोन वेगळे साठे असतात. सुपर मारिओत 32 किलोबाइटचा प्रोग्रॅम आणि 8 किलोबाइटची चित्रं. प्रोग्रॅम प्रोसेसर वाचतो, चित्रं दुसरा भाग वाचतो आणि दोघांच्या तारा वेगळ्या. प्रोग्रॅमची एखादी तार तुटली तर खेळ सुरूच होत नाही, पडदा करडा राहतो. इथे खेळ चालला होता आणि फक्त चित्रं बिघडली होती. म्हणजे प्रोसेसर ठणठणीत होता. कॅसेटच्या साठ दातांपैकी चित्रांकडे जाणारा एखादा दात नीट टेकत नव्हता, एवढंच.

कॅसेट उघडली. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट काळसर थर. कॅसेट लागली नाही की तोंडानं फुंकर मारायची, हे आपण सगळ्यांनीच केलंय. फुंकर मारली की लागायचीही, कारण काढून पुन्हा घालताना दात घासले जायचे. श्रेय मात्र फुंकरीला. तिच्यातला ओलावा तांब्यावर बसत गेला, त्यात सातपुड्यातला पावसाळा. पेन्सिलीच्या खोडरबरानं पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, खाली गुलाबी तांबं दिसलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला. यंत्राच्या खाचेतले दात सैल झाले होते. ते बारीक आकड्यानं एकेक करून किंचित पुढे ओढले. हे काम घाईचं नाही. जोर लावला तर दात तुटतो आणि तसली खाच आता सहज मिळत नाही. पुन्हा मारिओ लावला तर ढग, विटा, झुडपं सगळं जागच्या जागी.

आता रात्रीचं दुखणं. त्यासाठी मल्टिमीटर घेऊन दिवे लागल्यावर त्याच्याच घरी गेलो. आजारी माणसाला जसं त्याच्या अंथरुणापाशी पाहावं, तसंच यंत्रालाही जिथे ते बंद पडतं तिथेच पाहावं. सॉकेटवर 230 च्या जागी 160 च्या आसपास व्होल्ट. गेमचा अडॅप्टर जुन्या पद्धतीचा, आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर. तो आत जितकं कमी घेतो तितकंच बाहेर कमी देतो. पूर्ण विजेवर नऊ व्होल्ट देणारा अडॅप्टर इथे सहा-सव्वासहाच देत होता. यंत्रात 7805 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. त्याचं काम पाच व्होल्ट कायम ठेवायचं, पण त्यासाठी त्याला मागून किमान सात लागतात. सहा दिले की पुढे चार-सव्वाचार. तेवढ्यावर चिप अडखळते, खेळ गोठतो, पडदा करडा होतो. चिपमध्ये काही खोट नव्हती, बिचारी उपाशी होती.

हे आकडे दाखवले तेव्हा तो तरुण मीटरकडे बघत राहिला. ‘‘म्हणजे सर, खराबी आमच्या घरात होती, गेममध्ये नाही?’’

‘‘घरातही नाही, दादा. तारेत.’’

उपाय सोपा होता. इंटरनेटच्या राउटरबरोबर येतात तसे नवे हलके अडॅप्टर 100 पासून 240 व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बाहेर तेवढंच देतात. नऊ व्होल्टचा एक मिळाला. पण तो तसाच खुपसला असता तर घात झाला असता. या यंत्राला पिनेच्या आत मायनस आणि बाहेर प्लस लागतं, राउटरचं नेमकं उलटं. झाकणाच्या पाठीवर त्याची बारीक आकृती छापलेली असते. ती पाहिल्याशिवाय कुणीही परका अडॅप्टर लावू नये, असं मी मुलांना कळकळीनं सांगतो. वायर कापली, टोकं उलटी जोडली, सोल्डर करून वर नळी चढवली, मीटरनं पुन्हा खात्री केली. पडद्यावर हळूहळू सरकणारे दोन काळसर पट्टेही होते. त्यांचं मूळ डोकं फुगलेल्या एका कंडेन्सरमध्ये निघालं. तो बदलला आणि पट्टे गेले. बल्ब तांबूसच होता, पण गेम चालला.

उरला रिमोट. त्याच्या वायरीत पाच तारा असतात: दोन विजेच्या, एक बटणांची स्थिती टिपून घे म्हणणारी, एक मोजणारी आणि एक उत्तर घेऊन येणारी. आठ बटणांची उत्तरं एकाच तारेवरून ओळीनं येतात. आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. एकच बटण मेलं तर दोष त्याच्या रबराखालच्या काळ्या टिकलीचा. सगळी मेली तर वायर, आणि ती बहुतेक वेळा रिमोटमध्ये शिरते तिथेच तुटते, कारण खेळताना आपण उडीबरोबर हातही ओढतो. इथेही तार तिथेच तुटत आली होती, त्यामुळे बटणं मधूनमधून मरायची. तुटका भाग कापून नवा जोड दिला.

तपासणीसाठी मी कॉन्ट्रा लावतो. तीस जीव मिळवायचा तो प्रसिद्ध कोड: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. दोघांनी खेळायचं तर पुढे सिलेक्ट आणि स्टार्ट. त्यात आठही बटणं येतात. तीस जीव मिळाले की समजायचं, रिमोट निरोगी. याहून चांगली चाचणी मला अजून सापडलेली नाही.

थोरला भाऊ आला तेव्हा त्यानं कोड न विचारता मारला. बोटांना सगळं आठवत होतं. मग पिशवीतून गेमची बंदूक काढली, बदकं मारायचा खेळ लावला आणि बदकांवर धरली, तर एकही पडेना. बंदुकीत गोळी नसते, प्रकाश ओळखणारा डोळा असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदूक तो पाहते. पिक्चर ट्यूबवर ते चित्र सेकंदाला 15,625 ओळींनी काढलं जातं. बंदूक त्याच लयीवर बेतलेली आहे. त्यांच्या घरचा टीव्ही पातळ, एलसीडीचा. त्यात ती लय नाही आणि चित्रही उशिरा येतं.

‘‘मग जुना टीव्ही लागेल,’’ थोरला म्हणाला. मोलगीत त्याच्या मामाच्या घरी एक होता, कोठारात पडलेला. मी सांगितलं, आणा, पण मागचं झाकण तुम्ही उघडू नका. बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. ते काढून टाकायचं काम माझं. होळी झाली की घेऊन येतो, म्हणाला.