बकुळाबाई

सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन ‘पोरांना बसायला शिकवायचंय, एखादं शांतसं तट्टू दाखवा’ असं म्हणालात, की व्यापारी आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग तुमच्या चपलांकडे. दत्तजयंतीला तापीच्या काठी भरणारा तो बाजार मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचा. तिथं उंची इंचांत बोलतात. साठीच्या पुढं आकडा गेला की घोड्याला भाव चढतो आणि मालकाच्या मिशीला पीळ. कुणी पंचकल्याणी पुढं करतो, कुणी छातीवरचा भोवरा बोट ठेवून दाखवतो, कुणी हलगीवर घोडं नाचवतो. अठ्ठावन्न इंचांच्या आतलं जनावर म्हणजे पोनी, असा जगाचा हिशोब आहे. इथं त्याला कुणी विचारत नाही.

आमच्या दादाला मात्र पंचेचाळीसच्या आसपासचंच हवं होतं. नाशिकजवळ त्याची द्राक्षबाग, घरात सहा वर्षांची पुतणी आणि तिच्या पाठचा चार वर्षांचा पुतण्या. दादा स्वतः कॉलेजात असताना एनसीसीतून घोड्यावर बसायला शिकलेला. पोरांना सायकलीच्या आधी घोडं आलं पाहिजे, हे खूळ त्याच्या डोक्यात तेव्हापासूनचं. यात्रेत एकानं त्याला दोन वर्षांचं गोजिरवाणं शिंगरू दाखवलं. म्हणाला, ‘घेऊन टाका, पोरांबरोबर वाढेल.’ दादानं हात जोडले. ‘शिंगरूही अडाणी, पोरंही अडाणी. मग शिकवायचं कुणी कुणाला?’

बाजारातून आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. येताना दादानं हौस म्हणून एक खोगीर तेवढं घेतलं, त्यावर वहिनी जे बोलायचं ते बोलली.

बकुळा मिळाली ती माथेरानची. तिथं मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे तेव्हा दस्तुरीनाक्यापासून पुढं बहुतेक पर्यटक एकतर पायी चालायचे, हातरिक्षात बसायचे नाहीतर घोड्यावर. लाल मातीच्या त्या चढउतारावर वर्षानुवर्षं अनोळखी माणसं पाठीवर वाहिलेलं जनावर कशालाही बुजत नाही: माकडाला नाही, छत्रीला नाही, किंचाळणाऱ्या नवरीला तर नाहीच. पावसाळा तोंडावर आला होता, धंदा बसायची वेळ. एका म्हाताऱ्या घोडेवाल्याला आपली एक घोडी चढाला जड जायला लागली म्हणून काढायची होती. बदामी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबता. दिसायला म्हणाल तर काही नाही.

दादा पहिल्या दिवशी नुसता बघून आला. दुसऱ्या दिवशी न सांगता भल्या पहाटे तिच्या ठाणावर जाऊन उभा राहिला. विकायचं घोडं गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर पळवून दमवायचं, म्हणजे ते गाईसारखं गरीब दिसतं, ही यातली जुनी युक्ती. त्यामुळे घोडं बघायचं ते झोपेतून उठल्याउठल्या. त्यानं चारी पाय एकेक करून उचलले, गुडघ्यापासून खाली हात फिरवून कुठं सूज, कुठं ऊब लागते का ते पाहिलं. मागून गेला, पोटाखालून गेला, कानाशी हात नेला. मग पुतणीला सांगितलं, ‘जा, तिच्याभोवती फिरून ये.’ घोडीनं एक कान पोरीकडे वळवला आणि तो कान पोरीबरोबर फिरत राहिला. बाकी अंग जागचं हललं नाही. दादाचा सौदा तिथंच ठरला, पण त्यानं तोंडावर काही दिसू दिलं नाही.

दातांवरून वय काढायची विद्या पाचव्या वर्षापर्यंत चोख चालते. दुधाचे दात पडून सगळे पक्के दात येतात तेव्हा घोडं पाच वर्षांचं, हे नक्की. पुढं दातांची झीज आणि कल बघून अंदाज बांधायचा. घोडेवाला दहा म्हणाला, डॉक्टर चौदा म्हणाले. दादाला चौदा जास्त आवडले. पैसे मोजून घेताना म्हातारा म्हणाला, ‘साहेब, ही पोराला पाडत नाही. पण तंग दोनदा आवळा.’

त्या वाक्याचा अर्थ आम्हाला घरी आल्यावर कळला. खोगिराचा तंग कसायला घेतला की बकुळा शांतपणे श्वास आत ओढायची आणि पोट मडक्यासारखं फुगवून उभी राहायची. तुम्ही जोर लावून पट्टा शेवटच्या भोकात अडकवायचात. ती दहा पावलं चालायची, श्वास सोडायची, आणि खोगीर हळूहळू तिच्या कुशीकडे कलायला लागायचं. पुतण्या एकदा असा खोगिरासकट चंद्रासारखा मावळला, लसूणघासाच्या वाफ्यात. बकुळा जागच्या जागी थांबली आणि तिथलाच घास खाऊ लागली. तेव्हापासून घरात नियम झाला: तंग आवळायचा, तिला थोडं चालवायचं, मग पुन्हा आवळायचा आणि मगच वर चढायचं. पुढं पोरांनी मोठे घोडे चालवले तेव्हाही तो नियम मोडला नाही.

तिचं खरं शिकवणं म्हणजे थांबणं. चाबूक, आरडाओरडा, टाचा मारणं, कशाचाही तिच्यावर परिणाम नव्हता. पोर एका बाजूला कललं की तिची चाल संथ व्हायची, जास्त कललं की ती उभीच राहायची. वर बसलेला सरळ झाला, मांड नीट बसली, की न सांगता पुन्हा चालू. आजूबाजूचे लोक हसायचे, ‘भाड्याचं तट्टू आणलंय, पुढं सरकत नाही.’ दादा म्हणायचा, पोर हट्ट करतंय आणि घोडं ऐकत नाहीये, यात वाईट काय आहे? घरात दुसरं कोण आहे न ऐकणारं?

पहिले काही महिने रिकीब नाही, लगामही नाही. मोहरकीला लांब दोर, दोराचं टोक दादाच्या हातात, आणि घोडी गोल फिरतेय. पोरांनी आयाळ धरायची. मग हात सोडून डोक्यावर ठेवायचे, मग वाकून पायाचे अंगठे धरायचे. नंतर डोळे मिटून सांगायचं, मागचा डावा पाय कधी उचलला. कदम चालीत चार ठोके वेगवेगळे पडतात. दुडकीत तिरपे पाय जोडीनं पडतात, म्हणून दोनच ठोके, आणि तिथंच नवशिक्याचे दात वाजतात. पुतण्या तेव्हा नुकताच तबल्याच्या क्लासला जायला लागला होता. दुडकी त्याला बहिणीच्या आधी जमली, याचा बहिणीला अजून राग आहे.

तिचं एकच मोठं दुखणं आठवतं. सणाच्या दिवशी कुणीतरी मायेपोटी तिच्यापुढं बाजरीची पाटी सरकवली होती. घोड्याला ओकता येत नाही, गेलेलं खालीच जायला हवं, त्यामुळे पोटशूळ उठला की जिवावर बेततं. संध्याकाळी ती जमिनीवर लोळायला, वळून आपल्याच कुशीकडे बघायला लागली. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, चालवत राहा, लोळू देऊ नका. रात्रभर घरातली माणसं पाळीपाळीनं तिला अंगणात फिरवत होती. आजी ओसरीवरून मधूनच म्हणायची, ‘भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं?’ आणि पेंगुळलेली पोरं एका सुरात ओरडायची, ‘फिरवलं नाही म्हणून!’ पहाटे बकुळानं लीद टाकली तेव्हा वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. त्यानंतर बाजरी कुलुपात गेली.

नालबंदाची वेगळी कथा. गावातले टांगे कमी होत गेले तसे नाल ठोकणारेही. जो एक म्हातारा उरला होता तो दीड-दोन महिन्यांनी यायचा. बागेच्या मऊ मातीत नाल कशाला म्हणून त्यानं माथेरानचे नाल काढून टाकले, आणि पुढं नुसते खूर तासून द्यायचा. खुराच्या कातरणावर आमचा कुत्रा टपून बसलेला असायचा.

घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं वाहू नये असं मानतात. बकुळा दोनशे किलोच्या आसपास, त्यात खोगिराचा भार. म्हणजे पोर पस्तिशीकडे गेलं की त्याचा हक्क संपला. पुतणीचा आधी संपला, मग पुतण्याचा. मग बागेतल्या मजुरांची पोरं बसली. त्यांतली एक मुलगी दोर न लावताच बसायला शिकली, सगळं नुसतं कुंपणावरून बघून. तिची मांड आमच्या दोन्ही पोरांपेक्षा चांगली, हे दादा तिच्या बापासमोर म्हणायचा आणि वहिनीसमोर म्हणत नसे. एका सुट्टीत पुतणी कॉलेजातून आली आणि लाडानं तिच्या पाठीवर चढली. बकुळानं एकदा मान वळवून तिच्या गुडघ्याचा वास घेतला आणि पोरगी उतरेपर्यंत एक पाऊल टाकलं नाही.

शेवटी शेवटी दाढा झिजल्या. कडबा तोंडातच फिरायचा आणि ओल्या लगद्याचे गोळे होऊन बाहेर पडायचा. मग भुसा आणि भरडा कोमट पाण्यात भिजवून द्यायला लागलो. त्यावर दोन हिवाळे निघाले. अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास एका सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर आले, म्हातारपण म्हणाले. बांधाजवळ जेसीबीनं खड्डा घेतला.

पुतणी तेव्हा शिरवळला पशुवैद्यक शिकत होती आणि परीक्षा चालू होती, म्हणून तिला पेपर संपल्यावर कळवलं. ती आधी चिडली, मग रडली, मग विचारलं, ‘दात किती उरले होते? कुणी बघितले का?’ कुणीच बघितले नव्हते. त्यावर ती पुन्हा चिडली.