बारा रंगांचे डोळे

तांबडे कोणते नि हिरवे कोणते, हे मला जन्मापासून उमगत नाही. वर्गात मी ते वीस वर्षे लपवले. परवा एका मुलीने ‘पीकॉक मॅन्टिस श्रिम्प’चे चित्र पुढे धरले. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत, पोवळ्यांच्या कडेला बीळ करून राहणारा हा कोळंबीचा दूरचा नातलग. पाठ हिरवी, पाय शेंदरी, पुढे चित्त्यासारखे ठिपके, असे खाली छापलेले. मला मात्र सारा मातकट! या कुळीच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशींचे १२ प्रकार, माणसाचे अवघे ३. तरी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत याचा एक भाऊबंद जवळजवळचे रंग ओळखताना माणसाहून कच्चा निघाला. ते आठवून मला हायसे वाटले.

“गुरुजी, हिरवा कुठवर आहे?”

“मला दिसत नाही, पोरी. तू दाखव.”

तिने शेपटीपासून बोट फिरवायला सुरुवात केली.